धबधबे आपोआप राहत नाहीत

दिवाळी अंकात प्रवासवर्णन नसेल तर फराळाच्या ताटात करंजी नसल्यासारखे वाटते, हे मान्य. पण करंजी फोडली आणि आत सारणच निघाले नाही, तर खाणाऱ्याने गप्प का बसावे? गेल्या काही वर्षांत आपली मंडळी आइसलंडला जाऊ लागली आहेत. जातात, भाड्याची मोटार घेऊन आठ-दहा दिवसांत त्या बेटाला प्रदक्षिणा घालतात, परत येतात आणि लिहितात. काय लिहितात? धबधबा 'अवर्णनीय' होता, आणि मग दोन पाने त्याचे वर्णन. उकळत्या पाण्याचे फवारे 'अद्भुत' होते, तळी 'आरशासारखी' होती, रस्ते लोण्यासारखे होते, आणि पाव-रस्सा मात्र डोळे पांढरे करील इतका महाग होता. शेवटी एक उसासा ठरलेला. "नशीबवान हो तो देश! निसर्गाने नुसते भरभरून दिले आहे. नाहीतर आपल्याकडे…" पुढच्या टिंबांत आपल्या देशाचा निकाल लागलेला असतो.

माझे भांडण त्या उसाशाशी आहे. 'नशीबवान' हा शब्द वरवर पाहता निरुपद्रवी आहे, कौतुकाचाच आहे. परंतु तो तीन तऱ्हांनी वाईट आहे. पहिले म्हणजे तो खोटा आहे. दुसरे, ज्या माणसांनी ते धबधबे आणि ती तळी राखण्यासाठी आयुष्य झिजवले त्यांचा तो अपमान आहे. आणि तिसरे, म्हणजे सर्वांत वाईट, तो फार सोयीचा आहे. त्यांच्याकडे आहे ते नशिबाने आहे असे एकदा ठरले, की आपल्याकडे जे गेले तेही नशिबानेच गेले असे म्हणून पान चघळायला आपण मोकळे!

ज्यांनी तो रस्ता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे भूगोलाचे सांगितले पाहिजे. आइसलंड हे उत्तर अटलांटिक महासागरातले बेट. आकाराने महाराष्ट्राच्या साधारण एक-तृतीयांश, आणि वस्ती सगळी मिळून चार लाखांच्या आत. बेटाला वळसा घालणारा एक क्रमांकाचा रस्ता सुमारे १,३२० किलोमीटरचा आहे. दक्षिणेला हिमनद्यांनी आणून टाकलेल्या काळ्या वाळूची अफाट मैदाने आहेत. त्यांवरून वाहणाऱ्या लहरी प्रवाहांवर पूल घालणे १९७४ साली पुरे झाले, तेव्हा कुठे हे वर्तुळ जुळले. तोवर आग्नेय कोपऱ्यातल्या माणसाला मोटारीने राजधानी रेक्याविकला यायचे तर उत्तरेकडून बेटाला उलटा वळसा घालावा लागे. म्हणजे आज आपण ज्या रस्त्याला लोण्याची उपमा देतो, तोसुद्धा निसर्गाने दिलेला नाही.

पण जमिनीखालचा विस्तव तर निसर्गाचाच ना? होय, तो निसर्गाचा. उत्तर अमेरिकेचा आणि युरेशियाचा असे पृथ्वीच्या कवचाचे दोन पट्ट या बेटाच्या अंगाखाली एकमेकांपासून वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर दूर सरकत आहेत. त्या फटीतून आतली उष्णता वर येते. पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी भेगांतून खाली झिरपते, तापलेल्या खडकाला लागते आणि वाफाळून परत वर येते. कुठे नुसते उष्ण झरे, कुठे बदबदणारा चिखल, कुठे गंधकाचा वास आणि पिवळी-तांबडी माती. इथवर नशीब म्हणा, हरकत नाही. पण इथून पुढे जे जे आपण पाहतो, ते तिथे अजून आहे ते कुणीतरी भांडले म्हणून; आणि जे दिसत नाही, ते कुणीतरी हरले म्हणून. आपण त्याच रस्त्याने जाऊ आणि एकेक ठिकाण पाहू.

रेक्याविकहून निघालेली मोटार पहिल्यांदा थांबते ती थिंगवेत्लिरला. इथे ९३० सालापासून आइसलंडच्या लोकांची सभा उघड्यावर भरत असे. कायदे सांगितले जात, तंटे मिटवले जात. १९३० साली, त्या सभेला हजार वर्षे झाली तेव्हा, हे त्या देशाचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. शेजारी सुमारे ८४ चौरस किलोमीटरचे विस्तीर्ण तळे आहे. पाणी इतके नितळ की प्रवासी त्याला 'आरसा' म्हणणारच. मात्र त्या आरशात एक तडा आहे, तो कुणी पाहत नाही. या तळ्यात हिमयुगानंतर अडकून राहिलेली, अंगाने धिप्पाड अशी ट्राउट माशांची जात आहे. तळ्यातून सोग नदी जिथे बाहेर पडते त्या वाहत्या पाण्यात हे मासे अंडी घालत. १९५९ साली नेमक्या त्याच तोंडाशी धरण बांधून वीजघर उभे राहिले, आणि त्या माशांची संख्या कोसळली. पुढे ती सावरण्यासाठी पुष्कळ खटपट करावी लागली. उद्यान राखले गेले, सभेची जागा राखली गेली, २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत नावही लागले. पण तळ्याच्या तोंडाशी जे व्हायचे ते होऊन गेले होते. काठावर उभे राहून हे कळत नाही. पाणी आपले चमकतच असते.

पुढे गेसिर. ही जागा तर आपल्या न्हाणीघरापर्यंत येऊन पोचली आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण उटणे लावून ज्या गीझरच्या पाण्याने अभ्यंगस्नान करतो, त्या 'गीझर' शब्दाचे माहेर हे. उसळणे, फवारणे अशा अर्थाच्या आइसलंडी धातूपासून या एका झऱ्याचे नाव पडले, आणि पुढे जगातल्या सर्व उसळत्या झऱ्यांना व अखेर आपल्या भिंतीवरच्या डब्यालाही तेच चिकटले. जमिनीतल्या उभ्या नळीत वरच्या पाण्याच्या भारामुळे तळचे पाणी शंभर अंशांच्या वर तापूनही उकळू शकत नाही. भार जरा हलका झाला की प्रेशर कुकरचे झाकण उडावे तसे सगळे एकदम वर फेकले जाते. एवढाच तो चमत्कार.

आता या चमत्काराची सातबाऱ्यावरची हकीकत ऐका. १८९४ साली तिथल्या शेतकऱ्याने ही जागा जेम्स क्रेग नावाच्या आयर्लंडमधल्या तरुणाला विकली. घराणे मद्याच्या भट्टीवाल्यांचे. हाच गृहस्थ पुढे उत्तर आयर्लंडचा पहिला पंतप्रधान झाला. त्याने झरा पाहायला तिकीट लावले. मग वर्षभरात त्याचा उत्साह ओसरला आणि त्याने ती जागा मित्राला भेट देऊन टाकली, जणू पानाचा डबा! तिथून ती एका पुतण्याच्या हाती गेली. १९३५ साली सिगुर्दुर योनासन नावाच्या आइसलंडी गृहस्थाने ती विकत घेतली आणि देशाला अर्पण केली. म्हणजे एकेचाळीस वर्षे देशाचा सर्वांत प्रसिद्ध झरा परक्याच्या मालकीचा होता. 'निसर्गाने दिले' म्हणणाऱ्यांनी मधल्या या एकेचाळीस वर्षांचे काय करायचे?

आणि झरा तरी धड कुठे होता? तो मंदावला होता. १९३५ मध्येच तोंडाशी चर खणून पाण्याची पातळी उतरवली, तेव्हा तो पुन्हा उसळू लागला. पुढे चर क्षारांनी बुजला. मग सणासुदीला, पाहुणे आले म्हणजे, त्यात साबण ओतून त्याला उडवण्याची प्रथा पडली. अखेर नव्वदीच्या दशकात ती बंद झाली. आज थोरला गेसिर बहुतेक काळ निजूनच असतो. प्रवासी जो पाहतात, ज्याच्यापुढे मोबाईल उंचावून उभे असतात, तो शेजारचा स्ट्रोक्कुर. दर पाच-दहा मिनिटांनी तो पंधरा-वीस मीटर उडतो. पण हा स्ट्रोक्कुर १८९६ च्या भूकंपात बुजला होता. १९६३ साली माणसांनी त्याच्या नळीतला गाळ उपसून ती मोकळी केली, तेव्हापासून तो चालू आहे. आपल्या प्रवासवर्णनकाराने ज्याला 'मानवी हाताचा स्पर्श न झालेले आदिम सौंदर्य' म्हटले, त्याचा घसा माणसांनीच साफ केलेला आहे!

यात कमीपणा काही नाही. उलट मला तर त्यामुळे तो फवारा अधिक आपलासा वाटतो. एखाद्या गावाने विहिरीचा गाळ उपसावा तसे हे काम आहे. कमीपणा आहे तो ही हकीकत न विचारण्यात.

गेसिरहून दहा किलोमीटरवर गुल्लफॉस, म्हणजे सोनेरी धबधबा. हिमनदीचे गढूळ पाणी दोन टप्प्यांत मिळून बत्तीस मीटर खाली, एका अरुंद घळीत कोसळते. या धबधब्यापाशी एका स्त्रीचे स्मारकशिल्प आहे. पाठ फिरवून स्वतःचा फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत तिच्याकडे कितींचे लक्ष जाते, देव जाणे. ही सिग्रिदुर टोमासदोत्तिर. जवळच्या ब्रात्तहोल्त गावच्या शेतकऱ्याची मुलगी, शाळेचे तोंडही फारसे न पाहिलेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी भांडवलवाल्यांची नजर या पाण्यावर पडली. एवढे पाणी, एवढी उंची, म्हणजे वीजच वीज! मालकांनी धबधबा भाडेपट्ट्याने दिला. सिग्रिदुर उठली. कोर्टकचेरीसाठी शंभर किलोमीटरांहून दूरच्या रेक्याविकला तिने किती खेपा केल्या, तेही वाट नसलेल्या डोंगर-नद्यांतून, कधी चालत. काम सुरू झाले तर पहिली उडी मी धबधब्यात घेईन असे तिने बजावले, असे लोक सांगतात. तिचे वकीलपत्र स्वेइन ब्योर्नसन यांनी घेतले होते. १९४४ साली आइसलंड प्रजासत्ताक झाले, तेव्हा पहिले राष्ट्राध्यक्ष झाले ते हेच.

निकाल काय लागला? बाई कोर्टात सहजासहजी जिंकल्या नाहीत. वर्षांमागून वर्षे गेली. तोवर पट्टेदारांच्या हातून काम सुरू झाले नाही, भाडे थकले, आणि १९२९ साली करार बाद झाला. पुढे धबधबा सरकारच्या मालकीचा झाला आणि १९७९ मध्ये संरक्षित म्हणून जाहीर झाला. सिग्रिदुर १९५७ सालीच वारल्या होत्या. आता कुणी म्हणेल, हा तर भाडे थकल्याचा योगायोग, पुन्हा नशीबच! नव्हे महाराज. योगायोग त्यालाच उपयोगी पडतो, जो तोपर्यंत दार अडवून बसलेला असतो. त्या शेतकऱ्याच्या पोरीने खेपा घातल्या नसत्या तर भाडे थकण्याआधीच भिंत उभी राहिली असती, आणि आपले प्रवासवर्णनकार आज तिथल्या जलाशयाला 'आरसा' म्हणाले असते.

दक्षिण किनाऱ्याने पुढे गेले की डोंगरकड्यावरून पडणारे धबधबे लागतात. एकाच्या पाठीमागून चालत जाता येते, दुसरा साठ मीटरांवरून सरळ पडद्यासारखा कोसळतो. आणि मग येते यॉकुल्सार्लोन, हिमखंड तरंगणारे निळे तळे. इथे तर विशेषणांचा कडेलोट होतो. पण हे तळे आहे किती वर्षांचे? १९३०च्या दशकापर्यंत ते जवळजवळ नव्हतेच! तिथे हिमनदी होती. ती वितळत मागे हटली, खड्ड्यात पाणी साचले, आणि हिमनदी जसजशी हटते आहे तसतसे तळे वाढते आहे. आज ते आइसलंडमधले सर्वांत खोल तळे समजले जाते. तिथला प्रत्येक तरंगता तुकडा हा हिमनदीच्या अंगावरून गळून पडलेला तुकडा आहे. क्षयाने गालांवर आलेल्या लालीला जुन्या कादंबऱ्यांत सौंदर्य म्हणत, तसे आपण या तळ्याला म्हणतो. आणि ज्या उष्म्याने ते वाढले त्यात आपण ज्या विमानाने गेलो त्याच्या धुराचाही कणभर वाटा आहे. तळे पाहू नका असे मी म्हणत नाही. पाहा, पण ते पाहताना आनंदाबरोबर थोडी लाजही वाटू द्या.

उत्तरेला वळले की मीवात्न. नावाचा अर्थ चिलटांचे तळे. उथळ, बेटांनी भरलेले, बदकांच्या असंख्य जातींचे घर. जवळच नामास्कार्दला बदबदणाऱ्या चिखलाची कुंडे, क्राफ्लाचा ज्वालामुखी, पलीकडे देत्तिफॉसचा शंभर मीटर रुंद लोंढा. या तळ्याच्या तळाशी सूक्ष्म शेवाळांच्या कवचांचा गाळ साचलेला आहे. कारखान्यांना गाळणीसाठी तो हवा असतो. साठच्या दशकाच्या अखेरीपासून २००४ पर्यंत तो गाळ तळ्यातून उपसला जात होता, आणि जमिनीखालच्या वाफेवरच वाळवला जात होता. त्यावरून त्या छोट्या वस्तीत घराघरांत भांडणे झाली. कुणाची रोजी त्यावर होती, कुणाची बदके आणि मासे.

याच तळ्यातून लाक्सा नदी निघते. वीज कंपनीला तिच्यावर उंच धरण बांधायचे होते; त्यात शेतांनी भरलेले एक खोरे बुडणार होते. अर्ज झाले, सभा झाल्या, मोटारींची मिरवणूक निघाली. काही हालेना. तेव्हा २५ ऑगस्ट १९७० च्या रात्री तिथल्या शेतकऱ्यांनी नदीतला आधीचाच एक लहान बांध सुरुंगाने उडवून दिला. पोलीस तपासाला आले तर कुणी एकाने दुसऱ्याचे नाव सांगितले नाही. उलट शंभराहून अधिक माणसांनी 'हे आम्ही केले' असे लिहून दिले. इतक्यांना तुरुंगात कोण घालणार? मोठ्या धरणाचा बेत बारगळला, आणि १९७४ साली मीवात्न व लाक्सा यांच्या संरक्षणासाठी खास कायदा झाला. कुणी सुरुंग लावावा असे मी सुचवीत नाही. आपल्याला दिवाळीचे फटाके पुरेसे आहेत. पण ज्या नदीच्या काठी बसून आपण डब्यातला चिवडा खातो, तिला 'निसर्गाची देणगी' म्हणताना त्या शंभर सह्या आठवायला काय हरकत आहे?

आता मला एक प्रश्न ऐकू येतो. तो विचारणारे गृहस्थ भले आहेत, आणि प्रश्नही रास्त आहे. "म्हणजे काय, लोकांनी दिवे मालवून थंडीत कुडकुडत बसायचे? धरण नको, वीजघर नको, मग पंखा कशावर फिरणार?"

नाही, महाशय. आइसलंडइतके याचे चोख उत्तर दुसऱ्या देशाजवळ नाही. रेक्याविकच्या मुख्य बाजाररस्त्याचे नाव लौगावेगुर, म्हणजे झऱ्यांची वाट. एके काळी शहरातल्या बायका धुण्याची गाठोडी पाठीवर घेऊन, बर्फातून, तीन किलोमीटर चालत गरम झऱ्यांवर जात. त्यांच्या पायांनी पडलेली ही वाट. १९३० साली त्याच झऱ्यांचे पाणी नळाने शहरात आणले. पहिल्यांदा एक शाळा आणि साठ-सत्तर घरे ऊबदार झाली. आज देशातल्या दहांतली नऊ घरे जमिनीतल्या उष्णतेवर तापतात, आणि ज्या शहरावर हिवाळ्यात कोळशाचा धूर साचे तिथले आकाश स्वच्छ झाले. याला नावे ठेवणारा करंटाच म्हटला पाहिजे. प्रवाशांची आवडती 'निळी पुष्करिणी', तिचे छायाचित्र नाही असे एकही आइसलंडचे वर्णन नाही, तीही निसर्गाची नव्हेच. १९७६ पासून चालू असलेल्या एका वीजघराने वापरून बाहेर सोडलेले ते खारे पाणी आहे! लाव्हाच्या मैदानात ते साचले, आणि लोक त्यात डुंबू लागले.

तेव्हा प्रश्न 'वापर की पूजा' असा नाहीच. प्रश्न असा की, किती घ्यायचे, कुणासाठी घ्यायचे आणि कुणाला विचारून घ्यायचे. बाईच्या पाठीवरचे गाठोडे उतरवण्यासाठी झऱ्याला नळ लावणे वेगळे. या शतकाच्या पहिल्या दशकात त्याच देशाने पूर्वेकडच्या पठारावर कारान्यूकार येथे ६९० मेगावॅटचा प्रकल्प उभारला, हे वेगळे. त्यासाठी सुमारे ५७ चौरस किलोमीटर माळ पाण्याखाली गेला आणि अनेक धबधबे नाहीसे झाले. ती वीज कुणाच्या घरात गेली? कुणाच्याच नाही. ती किनाऱ्यावरच्या एका अमेरिकन कंपनीच्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यात जाते. कच्चा माल जहाजाने येतो, धातू जहाजाने जातो. हजारो लोक रेक्याविकच्या रस्त्यांवर विरोध करायला उतरले होते. ते हरले. पूर्वेच्या ओसाड पडत चाललेल्या गावांना त्या कारखान्याने कामे दिली, आणि तिथल्या पुष्कळांना तो हवाच होता, हेही सांगितले पाहिजे. भांडणाला दोन बाजू होत्या म्हणूनच ते भांडण होते. पण बुडालेल्या धबधब्यांचे प्रवासवर्णन कुणी लिहीत नाही. राहिलेल्यांचे लिहितो आणि म्हणतो, नशीबवान देश!

आणि या जमाखर्चात आपले, म्हणजे प्रवाशांचे, नाव कुठे येते? चार लाखांच्या आतल्या त्या देशात अलीकडे वर्षाला वीस लाखांहून अधिक पाहुणे उतरतात. दक्षिणेला मखमली शेवाळाने मढलेली एक अरुंद घळ आहे. २०१५ साली एका प्रसिद्ध गायकाच्या गीताच्या चित्रफितीत ती दिसली. झाले! ज्या जागी तो नाचला तिथेच उभे राहून फोटो काढायला जग लोटले. वाटा चिखलाच्या झाल्या, लोक वाट सोडून शेवाळावरून चालू लागले. २०१९ मध्ये काही महिने घळ चक्क बंद ठेवावी लागली. तिथे शेवाळ भरून यायला दशके लागतात. धरणाने बुडवायला निदान कंपनी लागते. तुडवायला आपली हौस पुरते. गेसिरच्या कुंडांत नाणी टाकणारेही आपल्यासारखेच पाहुणे.

हे सगळे परक्या देशाचे झाले. त्याचे आपल्याला काय, असे कुणी म्हणेल. तर मग घरातलेच सांगतो. सिग्रिदुर कोर्टाच्या खेपा घालत होती, त्याच सुमारास सह्याद्रीतही एक 'नाही' उच्चारले गेले होते. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळशी पेट्यातली गावे बुडणार होती. १९२१ च्या रामनवमीला तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. माणसे बायकामुलांसह धरणाच्या कामावर जाऊन बसली, तुरुंगात गेली. ते हरले. पाणी साचले, घाटाखाली भिऱ्याला वीजघर उभे राहिले, मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. आज पावसाळ्यात ताम्हिणीच्या रस्त्याला मोटारींची रांग लागते. मुळशीच्या तळ्याकाठी आपण भजी खातो, कणीस भाजून घेतो, आणि मुलांना सांगतो, "बघा, किती सुंदर तलाव आहे!" त्या तलावाच्या तळाशी शेते आणि देवळे आहेत, हे मुलांना कोण सांगणार? आपल्याकडे निसर्ग नाही म्हणून उसासा टाकणारा माणूस त्याच रस्त्याने जाऊन आलेला असतो.

आता कळेल की 'नशीबवान' या शब्दावर मी इतका का चिडलो. तो शब्द सिग्रिदुरच्या खेपा पुसून टाकतो, आणि मुळशीचे मावळेही पुसून टाकतो. जिंकलेल्यांना तो देवाचे लाडके ठरवतो आणि हरलेल्यांना कपाळकरंटे. दोघांनीही केले होते ते एकच काम.

प्रवासाला जाऊ नका, असे सांगणारा मी कोण? जरूर जा. पैसे असतील तर आइसलंडला जा, नसतील तर ताम्हिणीला जा. मुलांना घेऊन जा. पण जिथे गाडी थांबवाल तिथे फोटो काढायच्या आधी एक प्रश्न विचारा: हे अजून इथे कसे? कुणाच्या मालकीचे होते, कुणाला हवे होते, कुणी दिले नाही? आणि तळे फारच सुंदर दिसले, तर त्याच्या खाली काय होते तेही विचारा. चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्याला विचारले तरी चालेल. त्याला बहुधा पुस्तकांपेक्षा जास्त माहीत असते, आणि कुणी विचारत नाही म्हणून तो सांगत नाही.

आणि प्रवासवर्णन लिहिणाऱ्या माझ्या बंधुभगिनींना एक हात जोडून विनंती. पुढच्या दिवाळीला 'अवर्णनीय' हा शब्द लिहायचाच असेल तर खुशाल लिहा, पण मग वर्णनाच्या जागी त्या दोन पानांत त्या जागेचे भांडण लिहा. माणसांची नावे लिहा, साले लिहा, कोण जिंकले आणि कोण हरले ते लिहा. धबधब्याचा आवाज छापील अक्षरांत कधीच उतरत नाही. ज्यांच्यामुळे तो अजून ऐकू येतो, त्यांची नावे मात्र उतरतात.